ऑनलाइन ३० टक्के स्वस्त मिळत असताना पुस्तक गावातल्या दुकानातूनच का घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की वर्षाला दहा-बारा मराठी पुस्तकं घेता, ऑनलाइन ती पंचवीस-तीस टक्के स्वस्तात घरपोच येतात, मग दुकानातून घेणं ही नुसती हळवेपणाची गोष्ट नाही का? मला तसं वाटत नाही. कॉलेजात असल्यापासून मी डोंबिवलीतल्या एकाच दुकानातून पुस्तकं घेतेय, त्या अनुभवावरून सांगते.

आधी पैशांचं. छापील किंमत ४०० असलेलं पुस्तक दुकानदाराला ढोबळमानाने २४० ते २८० रुपयांना पडतं. उरलेल्या रकमेत गाळ्याचं भाडं, मदतनिसाचा पगार, वीजबिल आणि वर्ष-वर्ष कपाटात पडून राहणाऱ्या प्रतींत अडकलेला पैसा, सगळं भागवायचं. त्यातून तो आपल्याला दहा टक्के सोडतो. तीस टक्के सोडले तर दुकान चालणारच नाही. मोठ्या संकेतस्थळाला ते जमतं, कारण पुस्तकात गेलेले पैसे त्याला दुसऱ्या मालावर भरून काढता येतात. फ्रान्सने १९८१ सालीच कायदा करून नव्या पुस्तकावरची सवलत पाच टक्क्यांवर रोखली, ती याचसाठी. आपल्याकडे तसा कायदा नाही. इथे दुकान टिकतं ते गिऱ्हाइकामुळेच.

आणि न टिकलेलं मी बघितलंय. मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये स्ट्रँड सिनेमात सुरू केलं, पुढे ते फोर्टमध्ये आलं. पुस्तकविक्रीसाठी पद्मश्री मिळालेला हा माणूस! २०१८ मध्ये ते दुकान बंद झालं. शेवटच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मीही गेले होते, पण त्याआधीची तीन-चार वर्षं फिरकले नव्हते. ती खंत अजून जात नाही.

आता आमच्या दुकानातले काका. आईची नजर हल्ली अधू झालीय. मागच्या महिन्यात तिच्यासाठी एक आत्मचरित्र घ्यायला गेले. काकांनी प्रत काढली, फडक्याने पुसली, मधलंच एक पान उघडून बघितलं आणि म्हणाले, "हे नको नेऊस. टाइप बारीक आहे, आईला त्रास होईल. नवी आवृत्ती येतेय मोठ्या टाइपात, आठवडाभर थांब." हातातली विक्री सोडून त्यांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं. आठव्या दिवशी फोन आला.

याउलट, एकदा घाईत एका संकेतस्थळावरून मागवलेल्या कादंबरीत पान ९६ नंतर एकदम ११३. सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब, कागद पातळ, अक्षरं पुसट. नकली प्रत होती, हे कळेपर्यंत परत करायची मुदत उलटली होती. दुकानात असं झालं असतं तर काउंटरवरच बदलून मिळाली असती. शिवाय नकली प्रतीतून लेखकाला आणि प्रकाशकाला दमडीही मिळत नाही. ज्या भाषेत हजाराची आवृत्ती खपायला वर्षं लागतात, तिथे हे फार लागतं.

सगळ्यांनी सगळं दुकानातूनच घ्यावं, असं मात्र मी म्हणणार नाही. शिकणाऱ्या मुलाने जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यावं, जुनं घ्यावं, वाचनालयातून आणावं. तुमच्या गावात दुकान नसेल तर जवळच्या शहरातल्या दुकानाला फोन करा. बरीच दुकानं पुस्तकं पोस्टाने पाठवतात. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. चार-पाच पुस्तकं एकदम मागवली तर खर्च जाणवतही नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. दुकानात जाऊन, तासभर चाळून, दुकानदाराला विचारून पुस्तक ठरवायचं आणि मुखपृष्ठाचा फोटो काढून ऑनलाइन मागवायचं, हे करू नका. काकांच्या डोळ्यांसमोर लोक हे करतात. ते काही बोलत नाहीत. पुस्तक उचलून परत जागेवर ठेवतात.