ठेव मोडून मुलाला सायकलपटू करावे का?

सांगलीच्या एका वाचकाने विचारले आहे : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीत, त्याने पदक मिळवले आहे. त्याला ४ लाखांची कार्बन सायकल हवी आहे, आणि शिक्षण थांबवून बेल्जियममध्ये सहा महिने शर्यती खेळण्यासाठी आणखी ५ लाख. निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत, धाकटी मुलगी दहावीत आहे, आणि जवळ ११ लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी का?

मोडू नये, असे माझे मत आहे. मुलाच्या पायांतल्या ताकदीविषयी मला शंका नाही. अडचण अशी की आपण पत्रात या ९ लाखांना ‘गुंतवणूक’ म्हटले आहे, आणि तो सरळसरळ खर्च आहे. पुरुषांच्या रोड सायकलिंगमध्ये वर्ल्ड टूर आणि प्रोटीम या वरच्या दोन श्रेणींनाच किमान वेतनाचे बंधन असते. नवोदिताला त्यांच्या खालच्या ज्या कॉन्टिनेन्टल श्रेणीत प्रथम जागा मिळू शकते, तिथे ते नाही, त्यामुळे करार झाला तरी घरून पैसे पाठवण्याची वेळ येऊ शकते.

बेल्जियमच्या बेतात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे. बेल्जियमसह युरोपातल्या शेंगेन (सामाईक व्हिसाच्या) देशांत अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. सहा महिन्यांसाठी वेगळा, दीर्घ मुदतीचा व्हिसा लागेल आणि त्यासाठी उत्पन्नाचे पुरावे द्यावे लागतील. पदवी पूर्ण झाल्यावर, उन्हाळ्यातले आठ-दहा आठवडे, हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो.

पदवीचा आग्रह मी बापाच्या काळजीपोटी धरत नाही, हिशेबाने धरतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षक पदविकेसाठी साधारणपणे पदवी लागते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि तिथेही पदाची शैक्षणिक अर्हता सुटत नाही. रेल्वेही सायकलपटूंना क्रीडा कोट्यातून घेते. पुढे प्रशिक्षक व्हायचे असे मुलगा आजच म्हणतो आहे, मग अवघे एक वर्ष उरलेले शिक्षण सोडणे हा त्याच्याच योजनेवरचा घाव ठरेल.

सायकलीचे मात्र मी वेगळे सांगेन. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, म्हणून हलकेपणासाठी अखेरचे लाख मोजण्यात अर्थ नाही. जाणकाराकडून फ्रेमला तडा नाही हे तपासून घेतलेली, दीड-पावणेदोन लाखांची वापरलेली सायकल आणि सोबत चांगला पॉवर मीटर (पेडल मारताना लागणारी ताकद मोजणारे उपकरण), एवढे पुरेसे आहे. पॉवर मीटरच्या आकड्यांवर स्वतःचा सराव बेतायला तो शिकला, तर तेच कौशल्य पुढे प्रशिक्षक म्हणून विकता येईल. टायर, चेन, प्रवास आणि प्रवेशशुल्क धरून वर्षाला अडीच लाखांची मर्यादा घालावी. ती रक्कम ठेवीवर कर्ज काढून उभी करावी. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के अधिक पडते, पण ठेव शाबूत राहते आणि मुलीच्या अकरावीचा प्रश्न उद्भवत नाही. हप्त्याचा काही भाग मुलाने शनिवार-रविवारी हौशी सायकलस्वारांना शिकवून भरावा. त्यातून त्याला शिकवण्याची आवड खरोखर आहे की नाही, हेही कळेल.

आता विमा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत, धोकादायक किंवा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे लागणारे उपचार वगळलेले असतात. त्यात सायकलिंगचे नाव नाही, पण ती यादी बंदिस्तही नाही. घाट उतरताना पडल्यावर हा वाद घालत बसण्यापेक्षा, पहिल्या मानधनाच्या करारावर सही होण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे आणि वैयक्तिक अपघात विम्याबाबतही हाच प्रश्न विचारावा.