घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची असेल, तर बॉडीसाठी महोगनी घ्यावी, अ‍ॅश घ्यावे की साधे पाइनही चालेल?

हाच प्रश्न मी एकदा माझ्या मेहुण्यांना विचारला होता. ते गिटार उत्तम वाजवतात, पण रंधा त्यांनी कधी हातात धरलेला नाही. "सूर लाकडात असतो, महोगनीच घे," असे त्यांनी ठामपणे सांगितले आणि मी ऐकले. दोन फळ्या जोडून 45 मिलिमीटर जाडीची बॉडी कापली, नेकची, म्हणजे गिटारच्या लांब दांडीची, खाच पटाशीने इतकी नेटकी कोरली की स्क्रू न लावताही नेक तिच्यात घट्ट बसत होती, आणि लॅकरचे 8 हात देऊन गिटार सगळ्यांना दाखवत फिरलो. फळ्या पूर्ण वाळलेल्या आहेत, अशी ग्वाही वखारवाल्याने दिली होती; मी ती पडताळून पाहिली नाही. तिसऱ्या महिन्यात बॉडीच्या टोकाला, खांद्याचा पट्टा अडकवायच्या बटनापाशी, मधला सांधा उघडला, पोस्टकार्ड आत सरकेल एवढी फट पडली, आणि पाठीवर पोलादी पट्टी आडवी टेकवली तर तिच्याखालून उजेड दिसू लागला. मेहुण्यांनी निदान केले, "तुझी जोडणी कच्ची." जोडणी कच्ची नव्हती, लाकूड ओले होते. फळीच्या टोकांतून ओलावा आधी उडतो, तिथे ती आधी आकसते आणि सांधा टोकालाच उघडतो, हे कोणीही सुतार सांगेल.

त्या रागात मी मोडीत काढलेल्या कपाटाच्या पाइनच्या फळ्या जोडून दुसरी बॉडी केली. नेक तीच, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तोच, पिकअप (तारांखाली बसवलेले चुंबक आणि कॉइल) तीच आणि त्यांची उंचीही तीच ठेवली. तारा दोन्ही वेळा नव्या कोऱ्या, एकाच मापाच्या. महोगनीचे ध्वनिमुद्रण सांधा उघडण्यापूर्वीच करून ठेवले होते. दोन्हींचे मिळून 10 तुकडे मेहुण्यांना ऐकवले. त्यांनी 5 बरोबर ओळखले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते. यावर त्यांचे उत्तर असे, की ध्वनिमुद्रणात लाकडाचा सूर मरतो.

चुंबकीय पिकअप लाकडाचा आवाज टिपत नाही. तिच्या क्षेत्रात पोलादी तार हलते आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. तारेचे कंपन किती लवकर विरते यावर लाकडाचा थोडा परिणाम होत असेल, पण पिकअप 2 मिलिमीटर वर-खाली केली तरी त्याहून मोठा फरक ऐकू येतो. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी 1940च्या सुमारास आपली प्रसिद्ध 'लॉग' गिटार पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर उभारली, आणि फेंडर या गिटार कंपनीचे सुरुवातीचे नमुनेही पाइनचेच होते.

तेव्हा फळी वाळलेली, सरळ आणि हलकी असावी. जातीचा विचार नंतर. फळी घरात ठेवून दर आठवड्याला वजन करा आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत करवत लावू नका. बॉडीत साधारण 4 लिटर लाकूड असते. घनमीटरला अल्डर (गिटारच्या बॉडीसाठी वापरले जाणारे एक हलके लाकूड) सुमारे 450 किलो भरते आणि सागवान सुमारे 650, म्हणजे खांद्यावर पाऊण किलोहून जास्त फरक पडतो. शिवाय सागवान तेलकट असल्यामुळे सरस लावण्यापूर्वी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो, आणि राउटरचे (लाकूड कोरायच्या यंत्राचे) पाते लवकर बोथट होते ते वेगळेच. अ‍ॅशची छिद्रे भरता भरता जीव जातो. रेषा दाखवायच्या नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पाइनचेही दोष आहेत, ते सांगायला हवेत. नखानेही त्यावर खड्डा पडतो, गाठींतून राळ झिरपून रंग खराब करते, आणि ब्रिजचे स्क्रू वारंवार काढले-घातले तर भोके सैल होतात. तिथे मी कठीण लाकडाच्या खुंट्या ठोकल्या आहेत. माझी परीक्षा एका माणसावर आणि एकाच अँप्लिफायरवर झाली, हेही मान्य. अकूस्टिक गिटारच्या आवाजाला यातले काहीही लागू नाही, कारण तिथे लाकूडच वाजते.

महोगनीचा सांधा मी पुढे पूर्ण चिरून काढला, फळ्या वर्षभर तशाच ठेवल्या आणि पुन्हा जोडल्या. आता ती बॉडी ठणठणीत आहे. मेहुणे आले की मात्र पाइनचीच गिटार उचलतात. ती हलकी आहे म्हणून, असे ते सांगतात.