‘ब्लॉन्ड बॉम्बशेल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: जीन हार्लो या १९३०च्या दशकातल्या हॉलिवूड अभिनेत्रीवर मराठीत लेख लिहिताना ‘ब्लाँड बॉम्बशेल’साठी ‘सोनेरी केसांची मदनिका’ हा प्रतिशब्द चालेल का? ‘प्लॅटिनम ब्लाँड’ म्हणजेही तेच का? आणि या शब्दांचं लेखन नेमकं कसं करावं?

‘मदनिका’ चालणार नाही, आणि हार्लोच्या बाबतीत ‘सोनेरी’ तर चूकच ठरेल. दोन्ही नकारांची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी ‘बॉम्बशेल’ पाहू. ‘शेल’ म्हणजे कवच. आत पोकळ, दारू ठासून भरलेला आणि वात लावलेला लोखंडी गोळा, हा या शब्दाचा मूळ अर्थ. या वस्तूला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: कुलपी गोळा. पेशवाईतल्या लढायांच्या वर्णनांत तो भेटतो. भरीव गोळा तटाला खिंडार पाडतो, तर कुलपी गोळा तटावरून आत जाऊन पडतो आणि मग फुटतो. त्याचं सगळं यश वातीच्या लांबीवर अवलंबून असे. वात आखूड कापली तर गोळा हवेतच फुटायचा, लांब राहिली तर पडल्यावर ती विझवायला शत्रूला सवड मिळायची. म्हणजे अनपेक्षितपणे मध्येच येऊन फुटणं हा या शब्दाचा गाभा आहे. लक्षणार्थ त्यातूनच निघाले.

इंग्रजीतला पहिला लक्षणार्थ बातमीचा, आणि तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. सगळ्यांना हादरवणारी अचानक आलेली खबर म्हणजे बॉम्बशेल. मराठीत या अर्थाला ‘गौप्यस्फोट’ जवळचा आहे, फक्त त्यात काहीतरी दडवलेलं असावं लागतं. ‘बैठकीत त्यांनी बॉम्बगोळा टाकला’ हेही आपण सर्रास म्हणतो. बाईसाठीचा लक्षणार्थ, म्हणजे पाहणाऱ्याला हादरवून टाकणारी सुंदर स्त्री, बराच नंतरचा, आणि तो लोकांच्या तोंडी पक्का बसला तो जीन हार्लोमुळे.

१९३३ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचा ‘बॉम्बशेल’ नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक व्हिक्टर फ्लेमिंग. हार्लोने त्यात लोला बर्न्स नावाच्या चित्रतारकेची भूमिका केली आहे. स्टुडिओचा प्रसिद्धी पाहणारा माणूस लोलाबद्दल एकामागून एक भानगडी वर्तमानपत्रांत पेरतो आणि तिचं साधंसरळ जगणं अशक्य करून सोडतो, अशी ही धमाल विनोदी गोष्ट आहे. म्हणजे शीर्षकात दोन्ही अर्थ एकाच वेळी आहेत. लोला बॉम्बशेल आहेच, शिवाय तिच्याबद्दल रोज छापून येणारी बातमीही बॉम्बशेल आहे. ब्रिटनमध्ये हे नाव युद्धपटाचं वाटेल म्हणून चित्रपट ‘ब्लॉन्ड बॉम्बशेल’ या नावाने लावला गेला. मूळ लष्करी अर्थ तेव्हा किती ताजा होता हे त्यावरून कळतं. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

आता हार्लोचे केस. इथेच भाषांतरकार हमखास घसरतात.

तिचं जन्मनाव हार्लीन कार्पेंटर. जन्म ३ मार्च १९११, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत, वडील दातांचे डॉक्टर. ‘जीन हार्लो’ हे खरं तर तिच्या आईचं माहेरचं नाव, ते तिने पडद्यासाठी घेतलं. सोळाव्या वर्षी लग्न करून ती लॉस एंजेलिसला आली. गर्दीतली कामं आणि लॉरेल-हार्डीच्या लघुपटांतली छोटी कामं करता करता निर्माता हॉवर्ड ह्यूजच्या ‘हेल्स एंजल्स’मध्ये पोहोचली. हा विमानांचा युद्धपट मूकपट म्हणून सुरू झाला होता आणि नायिका होती नॉर्वेची ग्रेटा निसेन. मध्येच बोलपट आले. इंग्रज तरुणीच्या तोंडी नॉर्वेजियन वळणाचं इंग्रजी चालणार नव्हतं, म्हणून तिच्या जागी हार्लो आली. चित्रपट १९३०मध्ये प्रदर्शित झाला. त्यातला एक भाग रंगीत आहे, आणि हार्लोचं रंगीत चित्रण म्हणून तेवढंच उरलं आहे.

ह्यूजच्या प्रसिद्धीखात्याने तिच्या केसांच्या रंगासाठी ‘प्लॅटिनम ब्लॉन्ड’ हे नाव गाजवलं. देशभर प्लॅटिनम ब्लॉन्ड क्लब काढले आणि तशी छटा हुबेहूब आणून दाखवणाऱ्या केशरचनाकाराला १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ते कोणालाच मिळालं नाही. १९३१मध्ये दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या एका चित्रपटाचं नावच ‘प्लॅटिनम ब्लॉन्ड’ ठेवण्यात आलं. हार्लो त्यात होती, पण चित्रपटाचं आधी ठरलेलं नाव दुसरंच होतं. म्हणजे हा शब्द सौंदर्यवर्णनातून आलेला नाही, तो जाहिरातीतून आला आहे. भाषांतर करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

प्लॅटिनमच का? स्पॅनिश लोकांना दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या गाळात सोन्याबरोबर एक पांढरट धातू सापडायचा. त्याला ते ‘प्लातीना’ म्हणत, म्हणजे हलकी, किरकोळ चांदी. ‘प्लाता’ म्हणजे चांदी, त्याचंच हे लघुरूप. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच किरकोळ चांदीचे दागिने श्रीमंतीची खूण बनले होते. केसांना प्लॅटिनम म्हटलं की पांढरेपणा आणि पैसा दोन्ही सुचायचे. सोनं त्यात नाहीच. म्हणून ‘सोनेरी’ हा अनुवाद चुकतो.

तो रंग मिळवायचं तंत्र कळलं तर शब्द निवडणं सोपं जाईल. अमोनियाने केसाचं बाहेरचं खवल्यांचं आवरण फुगून उघडतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिन हे रंगद्रव्य मोडतं. गडद केस एका दमात पांढरे होत नाहीत. आधी तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट पिवळे होतात. लवकर थांबलं तर पितळी छटा राहते. उशिरा थांबलं तर रंगाबरोबर केसातलं प्रथिनही मोडतं आणि केस तुटतात. उरलेला फिकट पिवळा मारायला निळ्या-जांभळ्या रंगाचं पाणी लावतात, कपड्यांना नीळ देतात अगदी तसंच. इतकं करूनही महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा, मूळ रंगाचा केस वर येतो, म्हणून मुळांना हे सगळं पुन्हा पुन्हा करावं लागतं. मूळचे केस बरेच फिकट असल्याशिवाय ही छटा धड येत नाही.

याला पडद्याची गरजही होती. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसत नसे आणि पिवळाही गडद उमटे. त्यामुळे सोनेरी केसांची नटी पडद्यावर काळसर केसांची वाटायची, मागून प्रखर दिवा मारल्याशिवाय केस उजळत नसत. दशकाच्या अखेरीला सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली. तेव्हा कृष्णधवल पडद्यावर सर्वांत उठून दिसणारा रंग कोणता, तर जवळपास पांढरा. हार्लोचे केस त्या पडद्यासाठीच घडवलेले होते.

मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘रुपेरी’. रुपे म्हणजे चांदी, आणि ‘रुपेरी पडदा’ आपल्याकडे आधीपासून आहेच. एक अडचण मात्र आहे. नुसतं ‘रुपेरी केस’ म्हटलं की मराठी वाचकाला आजी आठवते, आणि ‘चंदेरी केस’ने तर नक्कीच. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘जवळपास पांढरे दिसतील इतके उजळवलेले, रुपेरी केस’ असं सविस्तर लिहावं आणि मग ‘रुपेरी केस’ वापरावं. नैसर्गिक ब्लॉन्डच्या छटांसाठी आपल्याकडे शब्द आहेत: पिंगट, भुरे, मक्याच्या कणसाच्या केसांसारखे. अंबाडीच्या वाखासारखे असंही म्हणता येतं. इंग्रजी बोलीतही फिकट केसांच्या पोराला वाखाचीच उपमा देतात. पण मराठीत वाख म्हटलं की राठपणा सुचतो, म्हणून कौतुकाच्या जागी तो नको.

आता ‘मदनिका’. हा शब्द सुंदर आहे, पण त्याची चाल वेगळी. बेलूरच्या मंदिरातल्या कमनीय शिल्पांना मदनिका म्हणतात. मदनिका, मोहिनी, कामिनी हे सगळे शब्द हळूहळू ओढून घेणाऱ्या सौंदर्याचे आहेत. ‘मदालसा’त तर आळस शब्दातच आहे, शिवाय पुराणातली मदालसा मुलांना पाळण्यात वैराग्य शिकवणारी राणी. यांतल्या एकीतही स्फोट नाही, वेग नाही, आवाज नाही. हार्लोची खरी ताकद तर आवाजात होती. भरभर, चढ्या सुरात फेकलेले संवाद आणि रांगडा विनोद. तिच्या कामाची खरी किंमत इथे आहे, आणि ‘मदनिका’ म्हणताच नेमकी तीच पुसली जाते.

‘बॉम्बगोळा’ही नको. एक तर शब्द पुल्लिंगी, ‘ती बॉम्बगोळा होती’ हे कानाला खटकतं. दुसरं, मराठीत बॉम्बगोळा पडतो तो ऐकणाऱ्यावर, आणि बहुधा वाईट बातमी घेऊन.

खरा समांतर शब्द आहे ‘फटाकडी’. स्त्रीलिंगी, बोलीतला, स्फोटाचीच उपमा, आणि रूपाबरोबर तोंडाळपणाही सुचवणारा. ‘बॉम्बशेल’मधली लोला बर्न्स ही शंभर टक्के फटाकडी आहे. ‘लवंगी’ही त्याच कुळातली, मिरची म्हणा नाहीतर फटाका. मात्र फटाकडी हा नाक्यावरचाही शब्द आहे. चित्रपटाच्या जाहिरातीचा किंवा पात्राचा सूर सांगताना तो वापरावा, हार्लो या व्यक्तीबद्दल लेखकाच्या स्वतःच्या तोंडी नको. तिथे ‘ब्लॉन्ड बॉम्बशेल’ अवतरणात ठेवून ‘स्टुडिओने दिलेलं बिरुद’ असं म्हणणं सर्वांत प्रामाणिक.

बिरुद आणि बाई यांच्यातलं अंतर तिच्या कारकिर्दीतच दिसतं. मेट्रोने तिचा करार ह्यूजकडून ३०,००० डॉलरला विकत घेतला आणि १९३२मध्ये ‘रेड-हेडेड वुमन’मध्ये तिला तांबड्या केसांचा टोप घालून उभं केलं. चित्रपट तरीही चालला. त्याच साली अभिनेता क्लार्क गेबलबरोबर ‘रेड डस्ट’, पुढच्या वर्षी ‘डिनर ॲट एट’. १९३४च्या मध्यापासून पडद्यावरच्या कामुकतेला आवर घालणारी अमेरिकी चित्रपटांची आचारसंहिता काटेकोरपणे लागू झाली, शिवाय रसायनांनी तिच्या केसांची पार वाट लागली होती. मग गडद छटा आणली आणि प्रसिद्धीखात्याने तिलाही नाव काढलं, ‘ब्राउनेट’: ब्राउन आणि ब्रुनेट (गडद केसांची स्त्री) यांची सांधेजोड. हा शब्द टिकला नाही. ‘वाइफ व्हर्सेस सेक्रेटरी’ आणि ‘लायबल्ड लेडी’ हे १९३६चे तिचे उत्तम चित्रपट त्याच गडद केसांतले आहेत.

लेखात एक दंतकथा टाळा. केसांच्या रसायनांनी तिचा जीव घेतला हे खरं नाही. ७ जून १९३७ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ती मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. लहानपणी तिला लोहितांग ज्वर, म्हणजे स्कार्लेट फीव्हर झाला होता. त्या ज्वरानंतर मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते. तेव्हा ना प्रतिजैविकं हाताशी होती ना डायलिसिस. आईने धर्मश्रद्धेपायी डॉक्टरला येऊ दिलं नाही ही कथाही खोटी, डॉक्टर तिच्यावर उपचार करतच होते. अर्धवट राहिलेला ‘साराटोगा’ दुसऱ्या मुलीला पाठमोरी उभी करून पुरा केला आणि जुलैमध्ये लावला. नायक गेबल. लहानपणापासून हार्लोला आदर्श मानणाऱ्या मेरिलिन मन्रोचा शेवटचा पुरा झालेला चित्रपटही गेबलबरोबरचाच, १९६१चा.

मन्रोपर्यंत येता येता बॉम्बशेलमधला बॉम्ब बदलला होता. १ जुलै १९४६ रोजी बिकिनी बेटांवर अणुचाचणी झाली, तेव्हा त्या बॉम्बवर ‘गिल्डा’ हे एका चित्रपटातल्या नायिकेचं नाव आणि ती भूमिका करणाऱ्या रिटा हेवर्थचं चित्र होतं. चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर यांनी आपल्या दोन तुकड्यांच्या पोहण्याच्या पोशाखाला ‘बिकिनी’ नाव दिलं. कुलपी गोळ्याची उपमा आता अणुबॉम्बच्या घरात गेली. म्हणून मन्रोबद्दल लिहिताना ‘बॉम्बशेल’ला जो भार येतो, तो १९३३च्या हार्लोवर लादू नये.

राहिलं लेखन. इंग्रजी उच्चारात ‘बॉम्ब’मधला दुसरा ‘ब’ येत नाही, पण मराठीत तो कायमचा रुळलेला आहे, काढू नये. ‘ब्लॉन्ड’च्या इंग्रजी लेखनात स्त्रीलिंगासाठी लावलेल्या शेवटच्या ‘ई’ अक्षराने उच्चार बदलत नाही, तेव्हा मराठीत बाईसाठी वेगळं रूप करायला नको. ‘बाँड’, ‘लाँड्री’ अशी चंद्रबिंदूची पद्धत ठेवायची असेल तर ‘ब्लाँड बाँबशेल’ लिहा, नाहीतर ‘ब्लॉन्ड बॉम्बशेल’. प्रश्नातल्यासारखं एक असं आणि एक तसं करू नका. लेखातलं वाक्य असं होऊ शकेल: ‘जवळपास पांढरे दिसतील इतके उजळवलेले रुपेरी केस आणि फटाकडीचे संवाद यांच्या जोरावर स्टुडिओने तिला “ब्लॉन्ड बॉम्बशेल” हे बिरुद चिकटवलं.’