मीडियाविकीसाठी स्वतःची स्किन बनवायची आहे, तर व्हेक्टरची कॉपी करून सुरुवात करू का?

नका करू. मीडियाविकी म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, स्किन म्हणजे विकीचं बाह्य रूप, आणि व्हेक्टर ही त्याच्यासोबतच येणारी स्किन. एचटीएमएल-सीएसएस व्यवस्थित येतं, पीएचपी जेमतेम, आणि विकी इतर शंभर विकींसारखी दिसायला नको, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी व्हेक्टरचं फोल्डर उचलून नाव बदलायचा मोह होणारच. पण मीडियाविकीची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि व्हेक्टरचा कोड तिच्याबरोबर बदलत जातो. तुमची कॉपी मात्र आहे तिथेच राहते, आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला ती निस्तरायची तुम्हालाच. शिवाय व्हेक्टरमध्ये जुनं रूप आणि २०२२चं रूप अशा दोन पिढ्यांचा कोड आहे. त्यातलं तुम्हाला नको ते उपसण्यातच वेळ जाईल.

त्याआधी, स्किन खरंच लागणार आहे का ते बघा. फक्त रंग, फॉन्ट, दुव्यांची ठेवण बदलायची असेल तर विकीवरचं ‘मीडियाविकी:कॉमन.सीएसएस’ हे पान पुरेसं आहे. इंटरफेस प्रशासकाच्या (अशी पानं बदलायचा अधिकार असलेल्या सदस्याच्या) खात्यातून ते संपादित करा, झालं. एक मेख आहे: सुरक्षेच्या कारणाने ही सीएसएस लॉगिनच्या आणि पसंतीच्या (सदस्याच्या सेटिंगच्या) पानावर लागू होत नाही. म्हणजे सगळी विकी तुमच्या रंगात आणि लॉगिनचं पान जुन्याच कपड्यात. हे खपत नसेल किंवा पानाची मांडणीच बदलायची असेल तर मग स्किन लिहा.

आणि ती लिहिणं वाटतं तेवढं अवघड राहिलेलं नाही. २०२०च्या १.३५ आवृत्तीपासून मीडियाविकीत ‘स्किनमस्टॅश’ नावाचा क्लास आहे. त्याच्या जोरावर पीएचपीची एकही ओळ न लिहिता स्किन उभी राहते. सेटिंगची एक जेसन फाइल, पानाचा सांगाडा असलेलं एक मस्टॅश टेम्प्लेट, एक लेस (सीएसएसचं विस्तारित रूप) फाइल आणि स्किनचं नाव सांगणारी भाषांतराची फाइल, एवढा संसार. लेससाठी वेगळं बिल्ड टूल नको, मीडियाविकीचा रिसोर्सलोडर (सीएसएस आणि स्क्रिप्ट पानापर्यंत पोचवणारा भाग) ते काम स्वतःच करतो. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘बेसटेम्प्लेट’ वापरून लांबलचक पीएचपी लिहायला सांगितलेलं दिसेल, तो रस्ता सोडा.

टेम्प्लेट समजून घ्यायची किल्ली म्हणजे चलांच्या (व्हेरिएबलच्या) नावांचे उपसर्ग. नाव ‘एचटीएमएल’ने सुरू होत असेल तर आत तयार एचटीएमएल आहे, ते तिहेरी महिरपी कंसात घाला. दुहेरी कंसात घातलंत तर लेखाच्या जागी टॅगच टॅग अक्षरशः छापलेले दिसतील. ‘डेटा’ म्हणजे आत आणखी चलं असलेली वस्तू, ‘अ‍ॅरे’ म्हणजे यादी, ‘इज’ म्हणजे हो किंवा नाही. एवढं डोक्यात बसलं की अर्धं टेम्प्लेट वाचता येतं.

आता जिथे बहुतेक नवीन स्किन गंडतात ते सांगतो. लेखाच्या वरचे ‘संपादन’, ‘इतिहास’, ‘चर्चा’ हे टॅब हाताने लिहू नका. मीडियाविकी ते ‘पोर्टलेट’ नावाच्या गटांमध्ये तयार करून देते. तुम्ही फक्त गट कुठे दिसायचा ते ठरवायचं. हाताने लिहिलेला ‘संपादन’ दुवा सुरक्षित (संपादनावर मर्यादा घातलेल्या) पानावरही ‘संपादन’च म्हणत राहतो, खरं तर तिथे अधिकार नसलेल्याला ‘स्रोत पहा’ दिसायला हवं. उद्या कोणी एखादं एक्सटेन्शन (मीडियाविकीला जोडायची सुविधा) बसवलं आणि त्याने आपला टॅब जोडला तर तोही तुमच्याकडे उगवणार नाही. गटांचे आणि दुव्यांचे आयडीही बदलू नका. सदस्यांची कित्येक गॅजेट्स (विकीवर चालू करता येणारी छोटी स्क्रिप्ट) त्याच आयडींवर चालतात.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे शीर्षकाखालची बारीक ओळ. डिझाइनमध्ये ती शोभत नाही म्हणून लोक उडवतात. पण ‘अमुक पानावरून पुनर्निर्देशित’ ही सूचना तिथेच येते. ती गेली की भलत्याच नावाच्या पानावर येऊन पडलेल्या वाचकाला काही उलगडा होत नाही. साइटची सूचना आणि ‘तुम्हाला नवीन संदेश आहे’ची पट्टी यांनाही टेम्प्लेटमध्ये जागा ठेवा.

सीएसएस कोऱ्या पाटीपासून लिहू नका. रिसोर्सलोडरच्या स्किन मॉड्यूलमध्ये चित्रांच्या चौकटी, तक्ते, अनुक्रमणिका यांच्या तयार शैली आहेत, जेसनमध्ये हव्या त्या मागून घ्या. ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा पर्यायही तिथेच चालू करा, नाहीतर मोबाइलवर डेस्कटॉपचं पान आक्रसून दिसेल. ओळींमधलं अंतर मात्र देवनागरी मजकूर टाकूनच ठरवा. इंग्रजीवर ऐसपैस वाटणाऱ्या ओळीत वेलांटी आणि उकार एकमेकांना खेटतात.

तपासणी मुखपृष्ठावर करू नका, ते कुठल्याही स्किनमध्ये बरंच दिसतं. दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणारं पान, अलीकडील बदल, पसंती, एखादा भलामोठा रुंद तक्ता, अस्तित्वात नसलेलं पान, हे सगळं लॉगिन करून आणि न करता बघा. पत्त्याच्या शेवटी ‘यूजस्किन’ हा पॅरामीटर लावून तुमच्या स्किनचं नाव दिलंत की सेटिंग न बदलता ती तेवढ्या पानावर दिसते. सीएसएस बदलूनही फरक दिसत नसेल तर कोडवर लगेच संशय घेऊ नका. कॅशमुळे पाचेक मिनिटं जुनंच दिसू शकतं. पॅरामीटरमध्ये ‘डीबग’ चालू केलं की ती भानगड टळते.

लगेच डिफॉल्ट करू नका. आधी पसंतीत एक पर्याय म्हणून ठेवा आणि नेहमीच्या संपादकांना वापरू द्या. ते दिवसभर फरक आणि इतिहासाच्या पानांवर असतात, त्यामुळे तुमच्या नजरेतून सुटलेलं त्यांना लगेच टोचतं. मग डिफॉल्ट बदलाल तेव्हा ज्यांनी आधीच दुसरी स्किन निवडून ठेवली आहे त्यांना तीच दिसत राहील. ‘आमच्याकडे काहीच बदललं नाही’ असं कोणी म्हणालं तर पहिल्यांदा त्यांच्या पसंतीचं पान बघायला सांगा.