प्रदर्शनात पीक परत कसं आणायचं?

प्रश्न : आमच्या गावात वीसेक वर्षांपासून पीक आणि गृहोद्योग प्रदर्शन भरतं. आधी मांडव भरताची वांगी, केळीच्या फण्या आणि बिबड्यांनी (ज्वारीच्या पापडांनी) भरायचा. आता गाड्यांचे, भेळ-आइस्क्रीमचे स्टॉल आणि दोन तास भाषणं. पाहुण्यांच्या सोयीनं तारीख सरकत एप्रिलवर गेली. कागदावर स्पर्धेचे ४० गट आहेत, नोंदी मात्र जेमतेम २५. नव्या मंडळानं सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, यावल तालुका (जि. जळगाव)

उत्तर : तारखेपासून. एप्रिलच्या उन्हात भरताचं चांगलं वांगं आणणार कुठून? जानेवारीचा तिसरा आठवडा धरा. वांग्यांचा हंगाम असतो, जळगावच्या मेहरूणची बोरं पिकलेली असतात आणि फणी टेबलावर दिवसभर टवटवीत राहते. तारीख आधी छापा, पाहुण्यांना नंतर विचारा.

मग ४० गटांचे ८ करा. एवढ्या गटांत २५ नोंदी विखुरल्या की बऱ्याच ठिकाणी स्पर्धक एकटाच उरतो, बक्षीस त्यालाच जातं आणि बाकीच्यांचा बक्षिसावरचा विश्वास उडतो. नोंदी आटायचं मुख्य कारण हेच. गटात तीनपेक्षा कमी नोंदी असतील तर पहिला क्रमांक दिलाच पाहिजे असं नाही, हे नियमपत्रकातच लिहा.

प्रत्येक गटात नग आणि वजन ठरवून द्या. ‘उत्कृष्ट वांगी’ एवढंच लिहिलं की एक जण टोपली आणतो, दुसरा एकच भलंमोठं वांगं, आणि परीक्षक आकाराला भुलतात. भरताची वांगी ४ नग, देठासकट. गुण १०० : एकसारखेपणा ३०, कीड-डाग नसणं ३०, वाणाची ठेवण २०, गर २०. एक वांगं परीक्षकांनी मधोमध चिरायचं. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचं छिद्र बाहेरून बुजलेलं असू शकतं, चिरल्यावर ती लपत नाही. बी तपकिरी झालं असेल तर वांगं जून आहे, गराचे गुण कापा. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून हे दोन गट मांडवाच्या दर्शनी भागातच हवेत.

केळीची एकच फणी, घडाच्या वरून दुसरी किंवा तिसरी. कापल्यावर काप खाली करून चीक निथळू द्यावा आणि तुरटीच्या पाण्यात धुवावी, नाहीतर सकाळपर्यंत सालीवर काळे ओघळ दिसतात. हे नोंदणीच्या वेळीच सांगा. नव्या स्पर्धकाचे गुण इथेच जातात.

बिबडे ५ नग, कच्चेच आणायला सांगा. उन्हाळ्यात घातलेले बिबडे जानेवारीपर्यंत कसे टिकले, हीच खरी परीक्षा. तळण मांडवात एकाच हातानं, एकाच तेलात व्हावं. घरून तळून आणलेला बिबडा वाटेत सादळतो आणि करणारीवर अन्याय होतो.

नोंदी सकाळी ८ पर्यंत घ्या. चिठ्ठीवर फक्त क्रमांक, नाव वहीत. ९ ते ११ परीक्षण, तेव्हा मांडवात मंडळाचाही माणूस नको. परीक्षक दोन ठेवा : एक कृषी विज्ञान केंद्राचे किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राचे तज्ज्ञ, दुसरी परगावची जाणती गृहिणी. गृहोद्योगाच्या गटांत तिचा शब्द अखेरचा. प्रत्येक बक्षिसाच्या कार्डावर कारण एका ओळीत लिहून घ्या, ‘फणीतली केळी सारख्या लांबीची, डाग नाही’ असं. लोक कार्डं वाचतात, आणि पुढच्या वर्षी काय सुधारायचं हे त्यांना तिथंच कळतं. दुपारी ४ ते ५ बक्षीसपात्र शेतकऱ्यांनी आपापल्या टेबलापाशी थांबून प्रश्नांची उत्तरं द्यावीत. भाषणांना १५ मिनिटं पुष्कळ झाली.

स्टॉल काढू नका, त्यांचं भाडं लागेल. फक्त मांडवाबाहेर रांगेत लावा, भोंगे बंद ठेवा आणि भाड्याची रक्कम बक्षिसांसाठीच राखा. बाकी राहिलं घरोघर जाणं. दहा दिवस आधी गल्लीवार दोन-दोन जण नोंदवही घेऊन फिरा; नुसतं फलकावर लिहून माणसं माल आणत नाहीत. पहिल्या वर्षी ६० नोंदी झाल्या तरी ८ टेबलं भरलेली दिसतात.