बाराव्या मिनिटाचा क्लोज-अप

प्रिय,

तुझी फिल्म दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. ही माझी जुनी खोड आहे. आवाज गेला की दिग्दर्शन उघडं पडतं. तुझं बऱ्यापैकी टिकलं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे नुसती कटकट आहे.

बाराव्या मिनिटाला मुलगी घर सोडून निघते, बाप दारात उभा राहतो. तिथे तू कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नेलास, मग आणखी जवळ नेलास, डोळ्यांत पाणी तरारलं आणि नेमकं तेव्हाच व्हायोलिन सुरू झालं. बापाला वाईट वाटतंय हे तीनदा सांगून झालं. मला ते त्याच्याही आधी कळलं होतं. तिची बॅग तिच्या हातात देताना तो पट्टा ओढून घट्ट करतो, आणि घट्ट झालेला असूनही पुन्हा ओढतो, तेव्हाच. अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट तो, आणि तो तू जेमतेम दीड सेकंद ठेवलास. 36 फ्रेम! ते पुन्हा ओढणं नटाने आपणहून केलं असणार, अशी माझी दाट शंका आहे. नट असं काही देऊन जातात आणि नेमके तेव्हा आपण मॉनिटरवर फोकस तपासत बसलेलो असतो.

लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग तू ऐकला असशीलच. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या शॉटना जोडला. कधी सूपचा वाडगा, कधी शवपेटी. कुलेशोव्हचा शिष्य पुदोव्हकिन याने लिहून ठेवलंय की प्रेक्षक त्या अभिनयावर खूश झाले: सूपसमोर काय ती विचारात बुडालेली मुद्रा, शवपेटीसमोर काय ते दुःख! चेहरा तर तसूभरही हलला नव्हता. भाव प्रेक्षकांनीच आणून बसवला होता. ही गोष्ट फिल्म शिकवणारा प्रत्येक जण सांगतो, पण सेटवर गेल्यावर तिच्यावर विश्वास ठेवायला छाती लागते. माझ्या पहिल्या दोन फिल्म पाहिल्यास तर मलाही ती नव्हती हे दिसेल. प्रेक्षकाला काही कळणार नाही या धास्तीपोटी आपण त्याच्या वाट्याचं कामही करून टाकतो, आणि मग तो खुर्चीत मागे रेलून मोबाइल काढतो.

म्हणून नटाला ‘दुःखी हो’ असं सांगू नकोस. दुःखी होऊन दाखवायचं म्हटलं की माणूस भुवया आक्रसतो, दुसरं करणार तरी काय? ‘पट्टा सैल वाटतोय, बघ जरा’ असं सांग. हाताला काम मिळालं की चेहरा मोकळा होतो.

आता तो शॉट तू इतका लवकर का कापलास, याचा माझा अंदाज सांगतो. पुढच्या शॉटमध्ये बॅग तिच्या दुसऱ्या खांद्यावर आहे. कंटिन्युइटी जुळेना, म्हणून तू आधीच कट मारलास. एडिटर वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष टक्केवारीत मांडले आहेत. पहिला मान भावनेचा, 51 टक्के. जागेची त्रिमितीय सलगता, म्हणजे कोण नि काय कुठे आहे ते जुळणं, अगदी शेवटी, 4 टक्के. चारासाठी एक्कावन्न सोडायचे नसतात. खांदा बदललेला शंभरातल्या दोघांना दिसेल, आणि ते दोघेही बहुधा एडिटरच असतील.

आवाजाचं बोलू. बाप दार लावतो, इथवर ठीक. त्यानंतर जिन्यावर तिची पावलं ऐकू येऊ देत. मध्येच थांबू देत. मग पुन्हा चालू. कॅमेरा बंद दारावरच राहू दे, बापाची पाठसुद्धा पुरे. ती का थांबली, हे सांगायचं नाही. पण त्यासाठी तुझ्याकडे त्या खोलीची शांतता रेकॉर्ड केलेली हवी. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. पंखा, लांबची रहदारी, काही ना काही घुमत असतं. सगळ्या युनिटला जागच्या जागी उभं करून मिनिटभर रूम टोन घ्यायचा असतो. मी एकदा घाईत तो घेतलाच नाही. एडिटला दोन वाक्यांच्या मध्ये आवाजात भोकं पडली, सिनेमाच बंद पडल्यासारखी. शेवटी आमच्या साउंड एडिटरने प्रत्येक टेकमधली, मी ‘अ‍ॅक्शन’ म्हणण्याआधीची दोन-दोन सेकंदं वेचली आणि त्यांची गोधडी शिवली. तो पुढचे कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. तुझ्याकडे रूम टोन नसेल तर तूही तिथेच शोध. आणि यापुढे संवाद संपला की लगेच ‘कट’ ओरडू नकोस, पाच सेकंद कळ काढ. वाक्य संपल्यावर नट काय करतो, ते पटकथेत कुणीच लिहिलेलं नसतं.

बाकी किरकोळ. टेबलावरच्या भांडणात तू 180 अंशांची रेषा, म्हणजे दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, कॅमेऱ्याने ओलांडलीस, त्यामुळे समोरासमोर बसलेले दोघे एकाच दिशेला बघत भांडतात. मुद्दाम केलं असशील तर मला ते मुद्दाम वाटलं नाही. रुंद लेन्स चेहऱ्याच्या इतक्या जवळ नेल्यावर नाकं फुगतात, तेही बघ. नवी लेन्स घ्यायची असं सगळेच म्हणतात, पण आधी आहे तीच नीट वापर.

तर पट्ट्याचा शॉट निदान 96 फ्रेम ठेव, तेवढं फुटेज नक्की असेल. क्लोज-अप काढ. व्हायोलिनही काढ. चांगलं वाजवलंय, वाईट वाटतंच. त्या वादकाला मात्र ते काढल्याचं तू स्वतः फोन करून सांग. पहिल्या खेळाला घरच्या माणसांना शेजारी बसवून त्याला ते कळता कामा नये.

नवा कट झाला की पाठव. पुन्हा आवाज बंद करून बघेन.