तुझ्या फाईलमध्ये एक ओळ कमी आहे

प्रिय बाळा,

दमा असताना वेप (ई-सिगारेट) ओढला तर काय बिघडतं, त्यात धूर तर नसतो, हा प्रश्न तू आईसमोर नको म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलास, ते बरं केलंस. उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

वेपमध्ये धूर नसतो, हे तुझं म्हणणं खरं. पण ती पाण्याची वाफही नसते. आतल्या तारेवर तापतं ते प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवरची रसायनं. त्यांचे अतिशय बारीक थेंब होतात आणि पार लहान श्वासनलिकांपर्यंत पोचतात. तापताना फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असे झोंबणारे पदार्थही तयार होतात. तारेतलं निकेल, क्रोमियमही त्यात सापडलेलं आहे. तुझ्या नळ्यांना मुळातच सूज असते. तुला काहीही त्रास होत नसतो त्या दिवशीही ती थोडीफार असतेच, दमा म्हणजे तेच. अशा नळीला काही झोंबलं की भोवतीचा स्नायू आवळतो, चिकट कफ सुटतो आणि तुझी ती ओळखीची शिट्टी वाजायला लागते.

"फ्लेवर तर खाण्यातलेच असतात" असं तू लिहिलंस. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचं २००० साली लक्षात आलं. कारण होतं लोण्याच्या वासासाठी घातलं जाणारं डायअ‍ॅसिटिल. खाण्यात ते चालतं, श्वासातून आत गेलं की नाही. पुढे वेपच्या बऱ्याच फ्लेवरमध्येही तेच सापडलं. वेप ओढून तुला तोच आजार होईल असं मी म्हणत नाही. पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं धरून चालू नकोस, एवढंच.

आता मिंटबद्दल. "मिंटवाला ओढला की छाती मोकळी होते" हे तुझं वाक्य वाचून मला खरी काळजी वाटली. मेन्थॉलने नळी रुंद होत नाही. गार हवा ओळखणाऱ्या नसांना ते चाळवतं, त्यामुळे श्वास सुटल्यासारखा वाटतो आणि घशातली खवखवही दबते. म्हणजे नळी आवळलेलीच राहते, फक्त तिची तक्रार तुझ्यापर्यंत पोचत नाही. दमेकऱ्याला छाती जड होण्याची जाणीव वेळेवर व्हावी लागते, तरच तो वेळेवर पंप घेतो. तीच जाणीव तू बोथट करतो आहेस.

परवा मी तुझी श्वासाची टेस्ट केली, तिचा आलेख नीट पाहिला. फुंकर मारल्यावर रेघ वर जाते आणि मग सरळ उतरायला हवी. तुझी मध्येच आत खोल गेली होती, पोटाशी झोळ पडावा तशी. पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं तेव्हा पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा आकडा चांगला वाढला. म्हणजे नळ्या अजून उघडतात. ही चांगली बातमी आहे आणि ती तशीच राहावी म्हणून हे सगळं लिहिते आहे.

तुझी फाईलही चाळली. जूनमध्ये लिहिलंय: पावसाळा, घरात ओल. नोव्हेंबरमध्ये: धूळ, शेजारी बांधकाम. त्याआधी एकदा खिडकीतली कबुतरं. सगळं खरं आहे, पण वेपची ओळ कुठेच नाही. मुंबईत दम्याला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. भिंतीला बुरशी, रस्त्यावर खोदकाम, संध्याकाळच्या लोकलमध्ये कोंदट गर्दी. म्हणूनच इथे वेप छान लपतो. प्रत्येक वेळी दोष हवेवर जातो, डॉक्टर ऐकलं तसं लिहितात आणि स्टेरॉईडच्या पंपाचा डोस एक पायरी वर चढतो. तुझा दोनदा चढला आहे. सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्यांवर हा पंप कमी चालतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. त्यामुळे छातीत काय जातंय हे त्यांना ठाऊक असायलाच हवं.

तू सांगत नाहीस, कारण वेपवर बंदी आहे. २०१९च्या कायद्याने त्याचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद केलं. पण ओपीडीत बसलेले डॉक्टर पोलिसात द्यायला बसलेले नाहीत. उलट बंदी असल्यामुळे तुझ्या हातातली वस्तू कुणीच तपासलेली नाही, हे लक्षात घे. "निकोटीन नाही" असं वर छापलेलं असलं तरी ते खरं की खोटं हे तुला कसं कळणार?

"सिगारेटपेक्षा बरं ना?" असं तुझे मित्र म्हणतात. काही विषारी पदार्थ सिगारेटच्या मानाने कमी असतात, मान्य. पण तू सिगारेट सोडून वेपवर आलेला नाहीस. तू साध्या हवेवरून वेपवर आलास. तुलना तिथे कर.

सोडताना पहिला आठवडा चिडचिडीचा जाईल, झोप बिघडेल. ते निकोटीन आहे, तुझा कमकुवतपणा नव्हे. १८००-११-२३५६ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं. निकोटीनचं च्युइंगम लागलं तर डॉक्टरांना विचारूनच घे. मित्र ओढत असतील तर त्या बंद खोलीत बसू नकोस, त्यांच्या तोंडातून बाहेर आलेल्या झोतानेही तुझा दमा उसळू शकतो. आणि रोजचा पंप बरं वाटतंय म्हणून बंद करू नकोस; स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घे, नंतर चूळ भर. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा त्रास झाल्यावर घ्यायच्या निळ्या पंपाने आराम पडत नसेल, तर कोण काय म्हणेल याचा विचार न करता १०८ला फोन कर.

एक पीक फ्लो मीटर घे, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र. सकाळ-संध्याकाळ पंपाआधी उभं राहून तीनदा फुंक आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिही. शेजारी त्या दिवशी वेप ओढलास की नाही, तेही लिही. तुझ्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलास तर डॉक्टरांना फोन कर, ५० टक्क्यांखाली गेलास तर निळा पंप घेऊन थेट हॉस्पिटल गाठ.

पुढच्या तारखेला वही आणि दोन्ही पंप घेऊन ये. आईला बाहेर बसायला मी सांगते. आत गेल्यावर डॉक्टरांना किती ओढतोस, कधीपासून, कुठला फ्लेवर, हे तुझ्या तोंडाने सांग. मी शेजारच्या खोलीतच असेन.

तुझी,
टेस्टवाली ताई